व्हर्च्युअल मेमरी समजून घेताना: आकडे वाचा, गणित हाताने करा

व्हर्च्युअल मेमरी म्हणजे काय, असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: रॅम कमी पडली की डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरतात, ती. हे उत्तर चूक नाही, पण त्यात विषयाचं शेपूट तेवढं हाती लागतं. डिस्कवर एक बाइटही न ठेवणाऱ्या मशीनमध्येसुद्धा व्हर्च्युअल मेमरी अखंड चालू असते.

मूळ गोष्ट वेगळीच आहे. प्रोग्रॅम ज्या पत्त्यांवरून मेमरी वाचतो, ते पत्ते रॅमचे नसतातच. मधे एक तक्ता असतो आणि तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात असतो. तक्ता ताब्यात असल्यामुळे सिस्टिम प्रोग्रॅमला मेमरी देण्याआधीच नुसता होकार देऊ शकते आणि प्रत्यक्ष पुरवठा गरज पडेल तेव्हा करते. होकार आणि पुरवठा यांतलं हे अंतर एकदा दिसू लागलं की टास्क मॅनेजरपासून सर्व्हरच्या लॉगपर्यंत अनेक गोंधळात टाकणारे आकडे आपोआप उलगडतात. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

प्रयोगांसाठी लिनक्स सगळ्यात सोयीचं, कारण ते आपलं पोट उघडून दाखवतं. विंडोज आणि मॅकवर कुठे बघायचं तेही जागोजागी सांगितलं आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

पायरी १: दोन आकडे शेजारी शेजारी बघा

टर्मिनलमध्ये 'टॉप' द्या. प्रत्येक प्रोसेससमोर, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमसमोर, 'व्हीआयआरटी' आणि 'आरईएस' असे दोन रकाने दिसतील. पहिला आकडा म्हणजे त्या प्रोसेसच्या नावावर किती पत्ते लागले आहेत. दुसरा म्हणजे त्यातल्या किती भागामागे या क्षणी खरोखर रॅम आहे.

दोन्हींत प्रचंड तफावत दिसेल. ब्राउझरच्या एखाद्या प्रोसेसचा पहिला आकडा चक्क टेराबाइटमध्येही जाऊ शकतो, आणि मशीनमध्ये रॅम असते ८ किंवा १६ जीबी. नवीन माणूस इथे दचकतो आणि ब्राउझरला दोष देतो. दचकायचं कारण नाही. पत्ते राखून ठेवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तुमचं मशीन कशाने भरलं आहे हे शोधायचं असेल तर 'व्हीआयआरटी' कडे दुर्लक्ष करायला आधी शिका.

'आरईएस' वरही डोळे झाकून विश्वास नको. एकच लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड) वीस प्रोसेसमध्ये वापरात असेल तर रॅममध्ये तिची प्रत एकच असते, पण प्रत्येकाच्या 'आरईएस' मध्ये ती मोजली जाते. म्हणून हे आकडे बेरजेला घेतले तर उत्तर रॅमपेक्षा मोठं येऊ शकतं. न्याय्य वाटणी करून मोजलेला आकडा हवा असेल तर 'पीएसएस' बघावा. लिनक्समध्ये तो '/प्रॉक' खाली त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरात 'स्मॅप्स_रोलअप' या फाइलमध्ये मिळतो.

पायरी २: एक पत्ता हाताने उलगडा

ही पायरी कागद-पेन घेऊन करा. नुसती वाचून पुढे गेलात तर बाकीचा लेख शब्दांचा डोंगर वाटेल.

सिस्टिम पत्त्यांचे सारख्या आकाराचे तुकडे पाडते. त्यांना पेज म्हणतात. नेहमीच्या इंटेल आणि एएमडी मशीनवर एक पेज ४०९६ बाइटचं असतं, तर ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये १६ केबीचं. रॅमचेही त्याच मापाचे तुकडे पाडलेले असतात. त्यांना फ्रेम म्हणतात. कोणतं पेज कोणत्या फ्रेममध्ये आहे हे सांगणारा तक्ता म्हणजे पेज टेबल.

समजा आपल्या प्रोग्रॅमला २०५०० या पत्त्यावरचा बाइट हवा आहे. २०५०० ला ४०९६ ने भागा. भागाकार ५, बाकी २०. म्हणजे पेज क्रमांक ५ आणि त्या पेजच्या सुरुवातीपासून २० बाइट पुढे. आता तक्त्यात पाचव्या ओळीत बघा. तिथे फ्रेम ९ लिहिलं असेल तर खरा पत्ता झाला ९ गुणिले ४०९६ अधिक २०, म्हणजे ३६८८४. बाकीला हात लागला नाही. फक्त ५ च्या जागी ९ आला.

हेच हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर, लिहिलं तर आणखी स्वच्छ दिसतं: ५०१४ चं झालं ९०१४. शेवटचे तीन अंक जसेच्या तसे, बदलला तो फक्त पुढचा. ४०९६ ही दोनाच्या घातातली संख्या असल्याने प्रोसेसरला भागाकार करावाच लागत नाही. पत्त्याचे शेवटचे १२ बिट बाजूला ठेवायचे, उरलेल्यांनी तक्ता बघायचा, बस्स. हे काम प्रोसेसरमधला एमएमयू हा भाग करतो. तक्ता भरणं सिस्टिमचं काम, तो वाचणं हार्डवेअरचं. ही विभागणी विसरू नका. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आता दुसरा पत्ता घ्या: ८२९२. पेज २, बाकी १००. समजा तक्त्यात दुसऱ्या ओळीसमोर 'हजर नाही' अशी खूण आहे. इथे एमएमयूचा इलाज संपतो. तो काम थांबवतो आणि सूत्रं सिस्टिमकडे देतो. याला पेज फॉल्ट म्हणतात. नावात दोष असला तरी हा बहुतेक वेळा दोष नसतो. पाचव्या पायरीत तो पुन्हा भेटेल.

पेज शून्याची ओळ मात्र सिस्टिम मुद्दाम रिकामी ठेवते. सी भाषेत नल पॉइंटर, म्हणजे शून्य हा पत्ता, वापरला की प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळतो तो यामुळेच. शून्य पत्त्यामागे कधीच काही नसतं, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते.

ही कल्पना तशी नवी नाही. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ॲटलस संगणकात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्षात आणली. तिथे एक पेज ५१२ शब्दांचं होतं (शब्द म्हणजे त्या संगणकाचं मेमरी मोजायचं एकक). कोअर मेमरीत, म्हणजे त्या काळच्या रॅममध्ये, १६,३८४ शब्द मावत, म्हणजे जेमतेम ३२ पेजेस. बाकीचा ऐवज फिरत्या चुंबकीय ड्रमवर. त्याआधी प्रोग्रॅमचा कोणता तुकडा केव्हा आत आणायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा, हे प्रोग्रॅमरलाच लिहावं लागे. पर्सनल कॉम्प्युटरच्या जगात पेजिंग यायला पुढे दोन दशकं गेली. इंटेलच्या चिपमध्ये ते १९८५ च्या ८०३८६ पासून आलं.

पायरी ३: एका प्रोसेसचा नकाशा वाचा

'कॅट /प्रॉक/सेल्फ/मॅप्स' ही आज्ञा द्या. जी 'कॅट' प्रोसेस हे छापते आहे, तिचाच नकाशा समोर येईल. प्रत्येक ओळीत आधी पत्त्यांचा पट्टा, मग परवानग्या, शेवटी तो पट्टा कुठून आला ते. परवानग्यांत 'आर' म्हणजे वाचता येतं, 'डब्ल्यू' म्हणजे लिहिता येतं, 'एक्स' म्हणजे तिथला कोड चालवता येतो. कोडच्या पट्ट्यासमोर 'आर' आणि 'एक्स' दिसतील, 'डब्ल्यू' नाही. स्टॅकसमोर (फंक्शनचा तात्पुरता डेटा ठेवायची जागा) 'आर' आणि 'डब्ल्यू' दिसतील, 'एक्स' नाही. याही खुणा पेज टेबलच्या ओळींत नोंदलेल्या असतात आणि हार्डवेअर दर वेळी त्या तपासतं. बाहेरून घुसवलेला मजकूर कोड म्हणून चालवणं अवघड होतं ते यामुळे.

हीच आज्ञा पुन्हा द्या. पत्ते बदललेले दिसतील. हल्लेखोराला अंदाज बांधता येऊ नये म्हणून सिस्टिम दर वेळी पट्ट्यांच्या जागा हलवते. खरी रॅम प्रोग्रॅमला दिसत नसल्याने ही हलवाहलव त्याला कळतही नाही.

दोन प्रोसेस एकाच पत्त्यावर, समजा २०५०० वर, एकाच वेळी लिहीत असल्या तरी त्यांची गाठ पडत नाही, कारण प्रत्येकीचा तक्ता वेगळा. एका प्रोसेसकडून दुसरीकडे वळताना सिस्टिम प्रोसेसरला फक्त नव्या तक्त्याचा ठिकाणा देते. दुसऱ्याच्या मेमरीत डोकावायला मनाई आहे असं नाही. तिकडे जाणारा पत्ताच अस्तित्वात नाही. माझ्या मते व्हर्च्युअल मेमरीची खरी कमाई ही आहे, डिस्कची उसनवारी नव्हे.

पायरी ४: एवढा तक्ता ठेवायचा कुठे?

चौकस वाचकाच्या मनात हा प्रश्न एव्हाना आला असेल. गणित करून बघू. ३२ बिटांच्या जगात ४ जीबी पत्ते. त्यांना ४०९६ ने भागलं की १०,४८,५७६ पेजेस. एका ओळीला ४ बाइट धरले तर तक्ता ४ एमबीचा, तोही प्रत्येक प्रोसेसचा वेगळा. चालवून घेता आलं असतं. पण आजच्या ६४ बिटी मशीनवर पत्त्याचे साधारण ४८ बिट वापरात असतात. १२ बिट पेजच्या आतले, उरले ३६. दोनाचा ३६ वा घात गुणिले ८ बाइट, म्हणजे सपाट तक्ता ५१२ जीबीचा! एका प्रोसेससाठी!

म्हणून तक्ता सपाट ठेवत नाहीत. त्याची चार पातळ्यांची उतरंड करतात. त्या ३६ बिटांचे नऊ-नऊचे चार गट. पहिल्या नऊ बिटांनी वरच्या तक्त्यातली एक ओळ निवडायची. ती पुढच्या तक्त्याचा पत्ता देते. असं चार वेळा. प्रत्येक तक्त्यात ५१२ ओळी, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे एक तक्ता बरोबर एका पेजमध्ये बसतो. ज्या पत्त्यांना कोणी हातच लावलेला नाही, त्यांच्या खालच्या पातळ्या बनवल्याच जात नाहीत. प्रचंड सर्व्हरसाठी पाचवी पातळीही निघाली आहे. तिच्याने ५७ बिटांचे पत्ते वापरता येतात.

उतरंडीची किंमत उघड आहे. एक बाइट वाचायला आधी चार तक्ते वाचा. हे टाळण्यासाठी प्रोसेसर नुकतीच शोधलेली उत्तरं टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात जपून ठेवतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं आणि चार फेऱ्या वाचतात. साठा लहान असतो: समजा ६४ नोंदी असतील, तर ४ केबीच्या हिशेबाने फक्त २५६ केबी मेमरीची उत्तरं एका वेळी हाताशी.

प्रोग्रॅमरला याचा थेट उपयोग आहे. मोठं द्विमितीय ॲरे सीमध्ये ओळीने वाचलं तर एका पेजवरचे सगळे आकडे वापरून मग पुढचं पेज येतं. स्तंभाने वाचलं तर जवळजवळ प्रत्येक आकड्याला नवं पेज. उत्तर तेच येतं, पण वेळ अनेक पटींनी जास्त लागू शकतो. त्यात कॅशचा (प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचा) वाटा मोठा, आणि टीएलबीचाही असतो. डेटाबेससारखे मोठे प्रोग्रॅम यावर तोडगा म्हणून २ एमबीची मोठी पेजेस मागून घेतात. शिकाऊ माणसाने तिकडे लगेच वळू नये.

पायरी ५: होकार आणि पुरवठा यांतलं अंतर डोळ्यांनी बघा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. लिनक्सवर पायथॉन उघडा. 'एममॅप' हे मॉड्यूल आयात करा. त्यातल्या 'एममॅप' याच नावाच्या फंक्शनला पहिला आकडा उणे एक आणि दुसरा १०७३७४१८२४ द्या आणि मिळालेली वस्तू एका नावात ठेवा. तुम्ही १ जीबी मेमरी मागितलीत. दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'टॉप' लावून त्या पायथॉनकडे बघा. 'व्हीआयआरटी' जवळपास १ जीबीने उडालेला असेल. 'आरईएस' जागचा फारसा हललेला नसेल. होकार मिळाला, पुरवठा शून्य.

आता एक लूप लिहा: शून्यापासून सुरू करून दर ४०९६ व्या बाइटवर १ लिहायचा, पूर्ण जीबी संपेपर्यंत. प्रत्येक पेजला एकदा बोट लावल्यासारखं. लूप चालू असताना 'आरईएस' चढत जाईल आणि शेवटी तोही जीबीभर वाढलेला दिसेल. पेजेस किती? २,६२,१४४. आणि साधारण तितकेच पेज फॉल्ट झाले. खात्री करायची असेल तर पायथॉनच्या 'रिसोर्स' मॉड्यूलमधलं 'गेटआरयूसेज' फंक्शन लूपच्या आधी आणि नंतर चालवा आणि 'आरयू_मिनफ्लट' या आकड्यातला फरक बघा.

आत काय झालं? प्रत्येक पेजला पहिला स्पर्श झाला तेव्हा एमएमयूला 'हजर नाही' दिसलं. सिस्टिमने आपली नोंदवही बघितली: या पट्ट्याला आपण होकार दिला होता का? होय. मग एक मोकळी फ्रेम घेतली, ती शून्यांनी पुसून काढली, तक्त्यात नोंद केली आणि प्रोग्रॅमला थांबला होता तिथूनच पुढे चालवलं. पुसणं सोडून चालत नाही, नाहीतर आधीच्या प्रोसेसचा पासवर्ड तुमच्या हाती लागेल.

सिस्टिमच्या नोंदवहीनुसार पेज फॉल्टचे तीन निकाल लागू शकतात. रॅममधूनच भागलं तर मायनर फॉल्ट. तो किरकोळ आहे, लाखोंनी होतात. डिस्कवरून वाचून आणावं लागलं तर मेजर फॉल्ट, हा महाग. आणि त्या पत्त्याला कधी होकारच दिलेला नसेल तर प्रोसेसला बाहेरचा रस्ता. सी शिकणाऱ्यांच्या ओळखीचा 'सेगमेंटेशन फॉल्ट' तो हाच.

मेजर आणि मायनर मोजायला '/यूएसआर/बिन/टाइम -व्ही' आणि पुढे कोणत्याही प्रोग्रॅमचं नाव द्या. पूर्ण मार्ग लिहा, कारण नुसतं 'टाइम' म्हटलं तर शेलचं स्वतःचं साधं 'टाइम' चालतं. मशीन नुकतंच सुरू केलेलं असताना एखादा मोठा प्रोग्रॅम असा चालवून बघा आणि बंद करून पुन्हा चालवा. पहिल्या वेळी मेजर फॉल्ट दिसतील. दुसऱ्या वेळी जवळजवळ नाहीत, कारण फाइलची पेजेस रॅममध्ये अजून पडून आहेत. प्रोग्रॅम दुसऱ्यांदा पटकन उघडतो तो मुख्यतः यामुळे.

याच युक्तीचा आणखी एक अवतार. लिनक्समध्ये 'फोर्क' ने प्रोसेसची प्रत काढतात तेव्हा मेमरीची नक्कल होत नाही. दोघांचे तक्ते त्याच फ्रेमकडे बोट दाखवतात आणि लिहायची परवानगी काढून घेतलेली असते. कोणी लिहायला गेलं की फॉल्ट होतो आणि तेवढ्या एका पेजची वेगळी प्रत निघते. कित्येक जीबीची प्रोसेस क्षणात दुप्पट होते ती अशी.

पायरी ६: जागा संपली, बाहेर कोणाला काढायचं?

फ्रेम संपल्या आणि नवीन हवी असेल तर कोणाला तरी हटवावं लागतं. हंगेरियन वंशाचे संशोधक लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये आदर्श उत्तर मांडलं: ज्या पेजची गरज सगळ्यात उशिरा पडणार आहे ते काढा. भविष्य माहीत नसल्याने ते प्रत्यक्षात वापरता येत नाही, पण बाकी पद्धती मोजायला फूटपट्टी म्हणून उत्तम.

हाताने करून बघण्यासारखं उदाहरण हे. पेजेस या क्रमाने लागतात: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. नियम साधा ठेवा: जो आधी आला तो आधी बाहेर. तीन फ्रेमवर फॉल्ट मोजा: नऊ. आता फ्रेम वाढवून चार करा आणि पुन्हा मोजा: दहा. रॅम वाढवली आणि फॉल्ट वाढले! विश्वास बसत नसेल तर खरंच मांडून बघा. हा चमत्कार बेलाडी यांच्याच नावाने ओळखला जातो. तोच क्रम 'ज्याला सगळ्यात जास्त वेळ हात लागला नाही तो बाहेर' या नियमाने केला तर तीन फ्रेमवर दहा आणि चारवर आठ फॉल्ट येतात. इथे रॅम वाढवून तोटा कधीच होत नाही. बेलाडी यांच्या आदर्श उत्तराला तीन फ्रेमवर सात फॉल्ट पुरतात.

प्रत्येक वापराची वेळ टिपत बसणं परवडत नाही, म्हणून खऱ्या सिस्टिम या दुसऱ्या नियमाची जवळपासची नक्कल करतात. पेज टेबलच्या ओळीत 'वापरलं गेलं' अशी एक बिटची खूण असते. हार्डवेअर ती लावतं, सिस्टिम अधूनमधून पुसते आणि पुन्हा लागली का ते बघते. दुसरी खूण 'लिहिलं गेलं' अशी. ती नसेल आणि पेज एखाद्या फाइलमधून आलेलं असेल तर ते सरळ टाकून देता येतं. हवं तेव्हा फाइलमधून पुन्हा वाचू. प्रोग्रॅमचा कोड याच प्रकारात मोडतो. प्रोग्रॅमने स्वतः तयार केलेला डेटा मात्र कोणत्याच फाइलमध्ये नसतो. तो टाकायचा तर आधी कुठेतरी लिहून ठेवायला हवा. ती जागा म्हणजे स्वॅप.

पायरी ७: मशीन अडकलं आहे का, ते ओळखा

आधी थोडं गणित. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद धरू. एसएसडीवरून पेज आणायला १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. हजारातल्या एकाच वाचनाला मेजर फॉल्ट झाला तरी सरासरी २०० नॅनोसेकंदांवर जाते, वेग निम्मा. फिरत्या हार्ड डिस्कवर तोच फॉल्ट १० मिलिसेकंदांचा असेल तर वेग साधारण शंभरपट खाली येतो. माउसचा बाण हलतो पण खिडकी उघडत नाही, ती अवस्था ही. प्रोग्रॅमना एका वेळी लागणारी पेजेस रॅममध्ये मावत नाहीत, म्हणून एकाला आणलं की दुसऱ्याला काढावं लागतं आणि लगेच त्याचीच गरज पडते. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये 'वर्किंग सेट' ही कल्पना मांडली ती याच संदर्भात: प्रत्येक प्रोसेसचा चालू कामाचा संच रॅममध्ये मावत नसेल, तर तिला चालवूच नका.

तपासायला 'व्हीएमस्टॅट १' द्या. दर सेकंदाला एक ओळ येते. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'एसआय' आणि 'एसओ' हे रकाने बघा: स्वॅपमधून आत येणारं आणि स्वॅपकडे जाणारं. दोन्ही सतत मोठे असतील तर थ्रॅशिंग. शून्याच्या आसपास असतील आणि स्वॅपमध्ये मात्र दोन जीबी भरलेले दिसत असतील, तर काळजी करू नका. कोणी न वापरलेली पेजेस तिथे निजली आहेत, इतकंच. स्वॅप भरला आहे यापेक्षा स्वॅपची ये-जा चालू आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा.

'फ्री -एच' मधल्या 'फ्री' या रकान्याकडे बघून घाबरणारेही खूप. तो आकडा लहानच असायला हवा. रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम, म्हणून लिनक्स तीत फाइलींची पेजेस भरून ठेवतं. नव्या कामाला किती मेमरी मिळू शकेल याचा अंदाज 'अव्हेलेबल' या रकान्यात असतो. तोच वाचा.

विंडोजवर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरी निवडा. 'कमिटेड' पुढचे दोन आकडे म्हणजे दिलेले होकार आणि देता येतील तेवढे कमाल होकार. विंडोज इथे लिनक्सपेक्षा कडक आहे: रॅम आणि पेजफाइल मिळून जेवढं होतं त्यापलीकडे ते शब्द देत नाही. प्रत्यक्ष ये-जा बघायला रिसोर्स मॉनिटरमधला 'हार्ड फॉल्ट्स' चा आलेख. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या मेमरी टॅबमधला 'मेमरी प्रेशर' चा आलेख पुरेसा आहे; हिरवा असेल तर वापरलेल्या स्वॅपचा आकडा विसरून जा.

पायरी ८: स्वॅप किती ठेवावा आणि मेमरी खरंच संपली तर

'रॅमच्या दुप्पट स्वॅप' हा जुना नियम अजून सांगितला जातो. रॅम काही एमबीमध्ये मोजत तेव्हा तो ठीक होता. ६४ जीबी रॅमच्या मशीनवर १२८ जीबी स्वॅप ठेवून मिळणार काय, तर जास्त वेळ टिकणारं थ्रॅशिंग. मशीन हायबरनेट करायचं असेल तर स्वॅप रॅमच्या आसपास ठेवा, कारण रॅममधला ऐवज तिथेच उतरवला जातो. नसेल करायचं, तर काही जीबी पुरतात. विंडोजवर पेजफाइलचा आकार सिस्टिमवर सोपवलेलाच बरा.

याच्या उलट टोकाचा सल्ला म्हणजे स्वॅप पूर्ण बंद करा. तोही मला पटत नाही. रॅम संपत आली आणि स्वॅप नसेल, तर सिस्टिमला टाकून देता येण्यासारखं फक्त फाइलींचं उरतं, त्यात चालू प्रोग्रॅमचा कोडही आला. मग तो कोड पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचला जातो आणि स्वॅप नसतानाही थ्रॅशिंग होतं. 'व्हीएमस्टॅट' मध्ये त्या वेळी 'एसआय' शून्य, पण डिस्कवरून वाचन दाखवणारा 'बीआय' मात्र वाढलेला दिसतो.

लिनक्सवर 'स्वॅपिनेस' या आकड्याने फाइलींची पेजेस आधी काढायची की प्रोग्रॅमचा डेटा, याचा कल बदलता येतो. मूळ मूल्य ६० असतं. गरज मोजून पटेपर्यंत त्याला हात लावू नका. त्यापेक्षा 'झेडरॅम' बघा. तो पेजेस आकसून रॅममध्येच ठेवतो, त्यामुळे डिस्कची वाट बघावी लागत नाही. मॅक २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आणि विंडोज १० पासून पुढे असं आकसणं स्वतःहून करतात.

आता होकारांची वसुली. लिनक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये खिशात आहे त्यापेक्षा जास्त शब्द देतं, कारण बहुतेक प्रोग्रॅम मागतात तेवढं वापरत नाहीत. पण एखाद्या दिवशी सगळेच वापरायला लागले तर शब्द पाळता येत नाही. त्या वेळी कर्नलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला, ओओएम ('आउट ऑफ मेमरी') किलर जागा होतो, साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस निवडतो आणि तिला मारतो. मारली जाणारी प्रोसेस दोषी असेलच असं नाही. डेटाबेस मोठा दिसतो म्हणून पुष्कळदा तोच बळी जातो.

प्रोग्रॅम काही न बोलता गायब झाला तर त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये कारण शोधू नका. लिहायला त्याला वेळच मिळालेला नसतो. 'डीमेस्ग' देऊन कर्नलचा लॉग बघा आणि त्यात 'आउट ऑफ मेमरी' शोधा. कंटेनरमध्ये, म्हणजे मेमरीची मर्यादा घालून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालणारा प्रोग्रॅम १३७ हा कोड देऊन संपला असेल तर त्यातला १२८ म्हणजे सिग्नलने (प्रोसेसला पाठवलेल्या सूचनेने) मृत्यू, आणि उरलेला ९ म्हणजे सिग्नलचा क्रमांक, सक्तीने मारल्याचा. कंटेनरच्या आत 'फ्री' चालवलं तर साधारणपणे पूर्ण मशीनची रॅम दिसते, कंटेनरची मर्यादा नव्हे, त्यामुळे आत भरपूर मेमरी दिसत असताना प्रोसेस मेलेली आढळते. खरी मर्यादा '/सिस/एफएस/सीग्रुप' या फोल्डरातल्या 'मेमरी.मॅक्स' फाइलमध्ये असते, आणि किती वेळा मारावं लागलं तो आकडा 'मेमरी.इव्हेंट्स' मध्ये, 'ओओएम_किल' या ओळीवर.